घसारा वजा जाता

कॉमर्सच्या पदवीधराला जगातली कुठलीही वस्तू सरळ दिसत नाही. इतरांना नवा फ्रीज दिसतो, त्याला पहिल्या वर्षाचा घसारा दिसतो. शेजाऱ्यांचा सोफा असो, मेव्हण्याचा लग्नातला सूट असो, नाहीतर साहेबांचे केस असोत. मनातल्या मनात तो दरसाल दरशेकडा काहीतरी वजा करीत असतो.

मोटारीवर आयकराच्या हिशेबात साधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा धरतात, आणि तोही घटत्या किमतीवर. म्हणजे शंभर रुपयांची मोटार पहिल्या वर्षअखेर पंच्याऐंशीची, दुसऱ्या वर्षअखेर सव्वाबहात्तरची. या पद्धतीत किंमत उतरत जाते, उतरत जाते, पण शून्य काही होत नाही. तीस वर्षांनी शंभरातले ७६ पैसे तरी शिल्लक राहतातच. वीस-बावीस वर्षं काउंटरमागे बसलेल्या माणसाला ही पद्धत फार धीर देते.

तर अशी ७६ पैसेवाली एक मर्सिडीज मी घेतली. १९९६ सालची, डिझेलवर चालणारी, रंग मळखाऊ करडा. "शनिवार-रविवारी फिरायला" असं मी सर्वांना सांगितलं. बँकवाल्याच्या तोंडी हे वाक्य जरा मोठंच आहे. दुसरा आणि चौथा शनिवार आम्हाला सुट्टीचा मिळू लागला तो १ सप्टेंबर २०१५ पासून. बाकीच्या जगाचा वीकएंड आठवड्याला येतो, आमचा पौर्णिमा-अमावास्येसारखा. महिन्यातून दोनदा उगवणाऱ्या सुट्टीसाठी अख्खी मोटार पाळायची, म्हणजे सत्यनारायणासाठी घरात भटजी ठेवून घ्यायचे, असं सौ. म्हणाली.

जर्मन म्हणून घेतली खरी, पण तिचा जन्म पिंपरीचा. कारखान्याच्या भाषेत या मॉडेलचं नाव डब्ल्यू १२४. जर्मनीत ते १९८४ च्या अखेरीस आलं. पुढे १९९५ साली मर्सिडीजनं टेल्कोच्या भागीदारीत पुण्यात मोटारी जोडायला सुरुवात केली, ती याच मॉडेलनं. सुटे भाग तिकडून यायचे आणि पिंपरीत त्यांची मोटार व्हायची. त्याच १९९५ साली जर्मनीत तिची पुढची पिढी बाजारात उतरली. सासरी माप ओलांडायला आणि माहेरची खोली धाकट्या बहिणीला द्यायला एकच गाठ पडली, म्हणा ना!

आमच्या नात्यातला एक मुलगा म्युनिकला असतो. त्याला मोठ्या कौतुकानं फोटो पाठवला, तर त्याचा उलट फोन, "काका, ही तर इकडची टॅक्सी!" खोटं नव्हतं ते. जर्मनीत एके काळी याच गाड्या हस्तिदंती रंग लावून प्रवाशांची वाट पाहत रांगेनं उभ्या असायच्या. सौ.नं लगेच विचारलं, "मग मीटर कुठं बसवणार?" पण मी कॉमर्सचा माणूस. म्हटलं, मिरवायला गाडी घेणारा शेठ हिशेब करीत नाही, टॅक्सीवाला करतो. ज्याचं पोट गाडीवर, तो ज्या गाडीच्या भरवशावर बसतो, तिला आणखी प्रशस्तिपत्र कुठल्या शेठचं आणायचं?

पण खरेदी ठरली ती टॅक्सीवाल्यांच्या भरवशावर नाही, एका फाइलीवर. त्या महिन्यात आमची एक मुदत ठेव पिकणार होती. ती होती स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी. जुना ओटा बुटका. वाकून वाकून पोळ्या लाटताना सौ.ची पाठ धरायची, आणि त्या ठेवीची ती आठ वर्षं वाट पाहत होती. तेव्हा ती एकदा 'नाही' म्हणाली की विषय बंद, असं ठरवूनच मी तिला गाडी बघायला नेलं.

मालक ऐंशी ओलांडलेले एक डॉक्टर. नजर गेली म्हणून गाडी विकायला काढलेली. किमतीची भाषा करण्याआधी त्यांनी एक जाडजूड फाइल आमच्यापुढे ठेवली. १९९६ पासूनचं प्रत्येक बिल, प्रत्येक तेलबदल, तारीखवार. मधे मधे पेन्सिलीची टिपणं. 'आईला घेऊन वाईला, गणपतीचं दर्शन.' 'मुलीला विमानतळावर सोडलं. येताना एकटाच.' शेवटच्या पानांवर अक्षर मोठं होत गेलेलं, मग तिरकं, मग ओळ सोडून खाली उतरलेलं. फायली मी जन्मभर पाहतो आहे, पण माणसाची नजर जाताना दाखवणारी फाइल पहिल्यांदा पाहिली.

सौ.नं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "काका, ही फाइलपण देणार ना?"

"फाइल आधी," डॉक्टर म्हणाले, "गाडी मागून."

जिना उतरताना ती मला म्हणाली, "अहो, आपल्या घरातही कशाची तरी एवढी निगा राहू दे. ओट्याचं पुढच्या वर्षी बघू. पण फाइल मी लिहिणार."

मग फॉर्म २९, फॉर्म ३० वगैरे रीतसर सोपस्कार झाले. खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली की तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. त्या वेळी ती रस्त्यावर चालण्याच्या लायकीची आहे का, हे तपासतात. आमच्या बँकेत दर पाच वर्षांनी अशी तपासणी सुरू झाली, तर अर्धी शाखा भंगारात निघेल.

गाडीची एकेक खोड कळत गेली तसा जीव जडत गेला. समोरच्या काचेला वायपर एकच. कोपऱ्याकडे जाताना तो हात लांबवतो, मधे आला की आखडून घेतो, आणि एकटा काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे काउंटर एकट्यानं सांभाळणाऱ्या कारकुनाचं इतकं हुबेहूब यंत्र मी पाहिलेलं नाही. उरलेल्या १४ टक्क्यांसाठी तक्रारवही असतेच. हँडब्रेक पायानं दाबायचा आणि सोडायचा हातानं. हॉटेलाबाहेर गाडी लावायला आलेला पोऱ्या दोन सीटांच्या मधे बराच वेळ चाचपत बसतो आणि शेवटी "साहेब, तुम्हीच लावा" म्हणून किल्ली परत देतो.

दारांची कुलपं हवेच्या जोरावर उघडतात-मिटतात, आणि डिझेलचं इंजिन बंद होतं तेही हवेच्या ओढीनं. त्या हवेच्या नळ्यांत रबर असतं, आणि तीस वर्षांनी रबर हे रबर राहत नाही. विम्याचा दावा देतानासुद्धा रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात. अशी एखादी नळी चिरली की किल्ली आपल्या हातात आणि इंजिन चालूच! एका रविवारी मी किल्ली खिशात टाकून जिना चढायला लागलो, तर मागे पाचही सिलिंडर शांतपणे आपलं काम करीत होते. गॅलरीतून शेजारचे आजोबा ओरडले, "अहो, गाडी तुम्हाला टाकून निघाली!" नाना पेठेतल्या मिस्त्रींनी फोनवरून बॉनेटखालची एक पट्टी दाबायला लावली, तेव्हा कुठं ती निजली. नळी बदलायला दीडशे रुपये लागले. मी कुरकुर करणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुमच्या गॅसची नळी किती वर्षांनी बदलता?" पाच, असं म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या शनिवारी आम्ही डॉक्टरांना घेऊन साताऱ्याच्या रस्त्याला लागतो. ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात. खंबाटकीच्या चढाला नुसत्या आवाजावरून "आता तिसरा" असं सांगतात, आणि तिसराच लागतो. या फेरीचा खर्च फाइलीत आहे. जमा कुठल्या खात्यात धरायची, ते मी अजून ठरवलेलं नाही.

ठरल्याप्रमाणे ओटाही झाला, चांगला चार बोटं उंच. परवा फाइल उघडली तर तेलबदलाच्या पावतीमागे ग्रॅनाइटचं बिल तारीखवार लावलेलं. खाली पेन्सिलीनं सौ.चं अक्षर : 'हाही तीस वर्षं गेला पाहिजे.'