नळाचं की बोरिंगचं?

मासे कसे पारखायचे हे आमच्या घरात पोरासोरांनाही कळत होतं. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक हवा. डोळा चकचकीत, वर आलेला. अंगठ्यानं दाबल्यावर खळगा राहता कामा नये. बाबा मूळचे मालवणचे. गिरगावातल्या चाळीत राहूनही रविवारी कोळणीशी असे हुज्जत घालत की आई दोन पावलं लांब उभी राही. अशा माणसानं 1978 साली क्रॉफर्ड मार्केटातून जिवंत मासे आणले आणि त्यांतला एकही त्यांना पारखता आला नाही.

वेड लावलं होतं मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयानं. टाकी दोन फुटी, लोखंडी अँगलची, काचांच्या सांध्यांत लांबी भरलेली. एक कोपरा कायम पाझरायचा, त्याखाली पोतेरं. आत प्लॅस्टिकची झाडं, दोन गोल्डफिश, दोन एंजल आणि चार पट्टेरी टायगर बार्ब. निकष एकच, रंग. आठवडाभरात बार्बांनी एंजलच्या लांब दोऱ्यांसारख्या परांचे तुकडे पाडले. गोल्डफिश हा खरं तर कार्पचा चुलतभाऊ. त्याला थंड पाणी लागतं, ऐसपैस जागा लागते आणि तो घाणही भरपूर करतो. एंजल ॲमेझॉनच्या कोमट पाण्यातला. या तिघांना एकत्र कोंडणं म्हणजे एका खोलीत तीन बिऱ्हाडं आणि चूल एकच.

पण मासे मेले ते भांडणानं कमी, स्वच्छतेनं जास्त. दर रविवारी बाबा टाकी रिकामी करत, वाळू नळाखाली खळखळून धूत, सगळं नवं पाणी भरत. मंगळवारपर्यंत एखादा मासा उताणा. आम्ही उठायच्या आत आई तो उचलून टाकायची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि हे सगळे वाळूला आणि फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. बाबा दर रविवारी क्लोरीनच्या पाण्यानं नेमके तेच धुऊन काढत होते. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

लग्नानंतर मी औरंगाबादला आले. मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा कुर्ल्याच्या बाजारातून बारा निऑन टेट्रा घेतले. पिशवीत हवा भरून, रबर लावून, मांडीवर धरून रेल्वेनं आणले. निळ्या-लाल रेघेचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. तीन आठवड्यांत एकही उरला नाही. पुढच्या खेपेला दुकानदाराकडे तक्रार घेऊन गेले. म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पानी कौनसा है? नल का या बोरिंग का?"

मी गप्प. आमच्याकडे नळ आला तर आला. एरवी सगळं बोअरवर. तोटीवर पांढरा थर, साबणाला फेस नाही, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही बोटचेपी होत नसे. हे पाणी जड आहे हे मी रोज स्वयंपाकघरात म्हणत होते. पाच पावलांवरच्या टाकीत तेच पाणी आहे, हे डोक्यात आलं नव्हतं. निऑन येतो ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या ओढ्यांतून. कुजलेल्या पाल्यानं चहासारखं झालेलं ते पाणी, त्यात क्षार जवळपास नसतातच.

मग मासे आणायचे ते पाणी विचारून. जड पाण्याला गप्पी, मॉली, प्लॅटी चालतात, नव्हे, तेच आवडतं. पहिले गप्पी हिवताप विभागातून फुकट मिळाले, डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडतात तेच, राखाडी. माद्या दर महिन्याला पिल्लं देत आणि आयाच ती खात. वर जलपर्णी तरंगत ठेवल्यावर तिच्या मुळ्यांत लपून निम्मी तरी वाचू लागली.

झाडांतलं माझं आवडतं वॅलिस्नेरिया. हिरव्या रिबिनींसारखी लांब पानं. जड पाण्याचं त्याला काही वाटत नाही. मुळाशी धावते फुटून सहा महिन्यांत पाठची काच झाकली. एका मार्चमध्ये बुडातून केसाएवढा बारीक देठ वर चढू लागला. हे मादीफूल. नरफुलं खाली पानांच्या बेचक्यात असतात. तिथून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात आणि पाण्यावर भिरभिरत मादीफुलाशी लागतात. परागण झालं की देठ स्प्रिंगसारखी गुंडाळी घालतो आणि फूल पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो. मी स्वयंपाक सोडून ते पाहत बसले होते. त्या दिवशी डाळ करपली, आणि यात पाण्याचा दोष नव्हता.

जावा फर्न मात्र मी स्वतः मारलं. त्याचं खोड वाळूत पुरलं, ते कुजतं. दगडाला दोऱ्यानं बांधायचं असतं.

लोडशेडिंगच्या दिवसांत पंप बंद पडे. अंधारात झाडंही प्राणवायू घेतात, मासे वर येऊन तोंडं उघडत. मग हे रात्री दोनला उठून ओगराळ्यानं पाणी उंचावरून सोडत बसायचे. मासे मी आणले म्हणून कुरकुर करायचे, पण ओगराळं माझ्या हाती देत नसत.

आता ठाण्यात आहे. नळाचं मऊ पाणी, तीन फुटी टाकी. बाजारात लाल रेघेचा डेनिसन बार्ब दाखवला. आपल्याच पश्चिम घाटातला, केरळकडचा. 2013 साली त्याच्या वंशाला सह्याद्रिया असं नाव दिलं. मन फार झालं. पण तो चांगला मोठा होतो, कळपानं पोहतो, आणि बेसुमार पकडल्यामुळे ओढ्यांत कमी झालाय. नाही घेतला. ठरलंय ते असं: आठ-दहा झेब्रा डॅनिओ आणि हनी गोरामीची एक जोडी, दोन्ही गंगेच्या खोऱ्यातले, दोन्हींची नोंद हॅमिल्टन नावाच्या अभ्यासकानं 1822 च्या पुस्तकात केलेली. निऑन दिवाळीनंतर, कोऱ्या टाकीत ते टिकत नाहीत.

सध्या चौथा आठवडा, आत नुसती झाडं. काल व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, "आई, मासे मेले का गं सगळे?"

"आणलेच नाहीत अजून," मी म्हटलं आणि फोन काचेजवळ नेला. वॅलिस्नेरियाचा देठ वर चढलाय. पाण्याच्या पातळीपासून अजून चार बोटं खाली आहे.