उशीचा अभ्रा आणि बाराशे किलोमीटर

चेन्नईतल्या मराठी घरांचे फोन मला बहुतेक मे महिन्यात येतात. शाळांचे निकाल लागलेले असतात, पुण्याला बदली झालेली असते, पॅकर्सवाल्यांशी घासाघीस चाललेली असते, आणि मग कुणाला तरी आठवतं की पोराच्या खोलीत काचेच्या पेटीत बॉल पायथन आहे. फ्रीज, सोफा, दुचाकी सगळ्यांची सोय लागली. याचं काय करायचं? त्यात मे म्हणजे अग्निनक्षत्राचा महिना. पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही.

मी आधी कागद मागतो. आपल्याकडचे साप, म्हणजे नाग, धामण, मांडूळ, अजगर, घरात पाळताच येत नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते येतात. बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर. तो ‘सायटिस’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत असल्यामुळे २०२४च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. एप्रिल २०२३ मध्ये क्वालालंपूरहून आलेल्या एका प्रवासी बाईंच्या सामानात चेन्नई विमानतळावर २२ साप आणि एक सरडगुहिरा सापडला होता. अशा बातम्या झाल्यावर नाक्यावरच्या पोलिसाला तुमच्या डब्यातला साप कसा दिसेल, हे वेगळं सांगायला नको. नोंदणीची प्रत गाडीत हाताशी ठेवा आणि निघण्याआधी वन खात्याला लेखी कळवा. कागद नसतील तर मी त्या कामात पडत नाही.

कागद झाले की लागतो उशीचा अभ्रा. बाजारात सापांच्या महागड्या पिशव्या मिळतात, पण धुऊन मऊ झालेला जाड सुती अभ्रा मला अजून तरी पुरला आहे. तो आधी उलटा करायचा, म्हणजे शिवणीचे सुटे दोरे बाहेर राहतात. ते आत राहिले तर साप रात्रभर त्यातून सरकतो आणि एखादा दोरा खवल्यांत अडकून आवळला जातो. मग उजेडाकडे धरून भोक आहे का ते पाहायचं. करंगळी जाईल एवढ्या भोकातून सापाचं तोंड जातं, आणि तोंड गेलं की बाकीचा साप मागोमाग येतो. साप आत सोडल्यावर पिशवीच्या वरच्या भागावरून तळहात खाली फिरवायचा, साप तळाशी गेल्याची खात्री करायची, कापडाला घट्ट पीळ द्यायचा आणि त्या पिळाचीच गाठ मारायची. गाठीत शेपटीचं टोक सापडलं तर ते तिथंच चेमटतं. हे मी बिनविषारी पाळीव सापाबद्दल सांगतोय. विषारी साप कापडातूनही चावतो, तिथं ही पद्धत चालत नाही.

पिशवी जाते झाकणाला कड्या असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात. त्याला तापलेल्या सळीनं भोकं पाडायची ती आतून बाहेर. बाहेरून पाडली तर वितळलेल्या प्लॅस्टिकची धारदार कड आत राहते, आणि साप नेमका त्याच भोकावर नाक घासत बसतो. रिकाम्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, म्हणजे घाटात पिशवी इकडून तिकडे आपटत नाही. एका पिशवीत एकच साप. दोघांना सोबत होईल, ही माणसाची कल्पना.

“दादा, वाटेत पाणी कुठं पाजायचं?” घरातल्या वहिनी विचारतात.

“कुठंच नाही. वाटी सांडली की पिशवी ओली, आणि ओल्या पिशवीत त्याचे हाल.”

“आणि खायला?”

“निघायच्या आधी आठ-दहा दिवस बंद.”

वहिनींना ते पटत नाही. पण अजगराला उंदीर पचवायला ऊब आणि स्वस्थता लागते. पोटात उंदीर घेऊन तो गाडीत हिंदकळला तर ओकतो, आणि एकदा ओकल्यावर पूर्ववत व्हायला त्याला काही आठवडे जातात. उपाशी राहण्याचं म्हणाल, तर धडधाकट बॉल पायथन महिना-महिना खात नाही आणि त्याचं काही बिघडत नाही. या कामात सापापेक्षा घरच्यांच्या मायेलाच आवर घालावा लागतो.

अंधार, अडचण आणि स्थिरता एवढंच त्याला हवं असतं. हे मला पुस्तकांआधी मडक्यांनी शिकवलं. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीचे नाग मडक्यात ठेवत. चेन्नईजवळ वडनेम्मेलीला, ‘क्रोकोडाइल बँक’ या मगरींच्या केंद्राच्या आवारात, इरुला या आदिवासी जमातीतल्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे, तिथंही मडकीच. तोंडाला कापड बांधलेलं, तळाला वाळू. विष काढण्यासाठी आणलेले नाग, मण्यार, घोणस, फुरसं तीनेक आठवडे त्यात राहतात आणि मग पुन्हा रानात सोडले जातात. मातीमुळे आत गारवा, अंधार, आणि गोल भिंतीला टेकून वेटोळं घालता येतं. मी डबा भरतो तेव्हा तेच मडकं डोळ्यांपुढे असतं.

चेन्नई ते पुणे रस्ता सोपा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ तुम्हाला वेल्लोर, कृष्णगिरी, बेंगळुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत थेट घरी आणतो. पहाटे चारला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत होसूरच्या पठारावर याल. डबा डिकीत नको. मागच्या सीटच्या पायाशी, एसीचा झोत थेट लागणार नाही असा. आत तारेचा स्वस्त थर्मामीटर सोडा. काटा पंचवीस ते तीसच्या आसपास असला की बरं. डिसेंबरात निघालात तर धोका उलटा असतो. चेन्नईत पंखा लावून झोपलेला साप साताऱ्याच्या थंडीत पोचतो. तेव्हा डब्याभोवती घोंगडी गुंडाळा, फक्त भोकं झाकू नका.

हुबळीला मुक्काम केलात तर डबा खोलीत न्या आणि उघडू नका. “जरा बघू, जिवंत आहे ना,” म्हणून रात्री गाठ सोडणारे हटकून भेटतात, आणि मग पहाटेपर्यंत हॉटेलचा पलंग उचलून साप शोधतात. पोचल्यावर त्याची पेटी आधी मांडा, पाणी ठेवा, मग त्याला सोडा. आठवडाभर हात लावू नका.

काही घरांना साप बरोबर नेता येत नाही. परदेशी जायचं असतं, किंवा नव्या घरमालकाला चालत नाही. त्यांना एकच विनंती आहे. नोंदणी असलेला दुसरा पाळणारा शोधा, हस्तांतराची रीतसर नोंद करा, तेही जमलं नाही तर वन खात्याला विचारा. पण चेन्नईतल्या गिंडीच्या रानात किंवा पळ्ळिकरणैच्या दलदलीत त्याला सोडून येऊ नका. फ्लोरिडात लोकांनी पाळलेले बर्मी अजगर असेच सुटले आणि तिथल्या दलदलीत बेसुमार वाढले. ते पकडायला २०१७ मध्ये तमिळनाडूतून मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुलांना तिकडे बोलवावं लागलं. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. ते अजगर मात्र फ्लोरिडातून अजून गेलेले नाहीत.