लक्ष्मीचं पांढरं लुगडं

आमच्या वन्संच्या मुलाला जुनी चित्रकार्डं जमवायचा भारी नाद. सांगलीच्या एका विक्रेत्यानं त्याला रविवर्मा छापखान्याचं म्हणून लक्ष्मीचं चौकटीतलं कार्ड पाहायला दिलं. लुगडं पांढरंफटक! “छपाईतली चूक, दुर्मीळ आहे,” म्हणून दीड हजार मागितले. वन्सं द्यायला निघाल्याच होत्या.

म्हटलं, थांबा जरा. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. छपाई शिळाछाप, रंगारंगाला वेगळा दगड. एखादा रंग छापायचाच राहिला, तर तो साऱ्या कार्डावर कुठेच दिसायचा नाही. दगड सरकला, तर तो रंग सगळीकडे एकाच बाजूला, सारखाच सरकतो. खरवडून काढला असेल, तर कार्ड दिव्यासमोर तिरपं धरावं. तेवढाच कागद खरबरीत दिसतो.

आणि आमच्या जतचं ऊन! दारावरचा पडदा दोन वर्षांत विटतो, तिथं कागदाची काय कथा? तांबडा आधी उडतो, निळा मागे राहतो. कार्ड चौकटीतून काढलं, तर पट्टीखाली झाकलेली पदराची कड लालबुंद!

वन्संनी पैसे परत डब्यात टाकले. भाचा मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही.