मिठाची बरणी आणि अळमीचा तंबू

बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

गेल्या वर्षभरात गावी आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने पडवीतला काळा तंबू बघून एकच प्रश्न विचारला, "आत काय लावलंयस रे?" त्यात आमचं गाव इन्सुली. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांना हे गाव एकतर घाटामुळे माहीत, नाहीतर तपासणी नाक्यामुळे. अशा गावात बंद तंबू, आत पंखा आणि वर कुलूप... मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. :)

तर एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो. आत धिंगरी अळंबी होती. भाताच्या पेंढ्यावर वाढते ती.

पेंढा रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, निथळला की प्लास्टिकच्या पिशवीत थर देत भरायचा आणि प्रत्येक थरावर बियाणं टाकायचं. दोन-तीन आठवड्यांत पिशवी पांढरीशुभ्र होते. मग प्लास्टिक कापायचं, आणि तिथून खरी परीक्षा सुरू. या दिवसांत धिंगरीला ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. त्यासाठीच तंबू. विकतचे तंबू महाग, म्हणून मी अर्ध्या इंची पाइपांचा सांगाडा केला, त्यावर काळं प्लास्टिक टाकलं, आत गोणपाटं टांगली आणि खाली वाळूचा थर दिला. गोणपाटं आणि वाळू ओली ठेवली की झालं. ऑनलाइन एक छोटा आर्द्रतामापक मागवला. एवढीच चैन.

डिसेंबरातलं पहिलं पीक सुंदर आलं. तेव्हा आपल्याकडे सकाळी धुकं असलं तरी दुपारची हवा चांगलीच कोरडी होते, आणि तंबू त्या कोरडेपणाला बाहेर ठेवत होता. मी शेजारीपाजारी वाटली, फोटो काढले, भाव खाल्ला. आणि त्याच जोरावर जूनमध्ये पिशव्या दुप्पट केल्या.

इथेच माती खाल्ली.

जुलैत पिशव्यांतून निघालेली अळंबी बघून मलाच कसंतरी झालं. देठ बोटभर लांब, टोपी शर्टाच्या बटणाएवढी. जी थोडी मोठी झाली तिच्यावर पिवळे चिकट डाग. दोन पिशव्यांत हिरवी बुरशी. मी मापक बघायचो, तो म्हणायचा ८२. पाहिजेत ८५ ते ९०. म्हणजे अजून कमीच आहे, असं म्हणून मी पुन्हा फवारा मारायचो. दिवसातून चार वेळा.

या सगळ्यात आईचा खोकला सुरू झाला होता. तिला जुना दमा आहे. पावसाळ्यात तो थोडाफार वर येतोच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. तिची खोली पडवीला लागून आहे हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

एक दिवस आई मिठाची बरणी घेऊन पडवीत आली आणि माझ्यासमोर तिरकी केली. आतून पाण्याची धार आली. म्हणाली, "झिला, हंयसर मीठ पाणी झाला, नि तू आत पाणी मारतंस कित्याक?"

मी हसलो. रात्री मात्र झोप येईना. कारण शाळेत कधीतरी वाचलेलं आठवत होतं. शुद्ध मिठाचा एक ठरलेला आकडा असतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. खाली असली तर कोरडं राहतं. (जाडं मीठ त्याच्याही आधी पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात.) उठून मापक स्वयंपाकघरात नेला. तो म्हणाला ७२. आणि बाजूच्या बशीत ठेवलेलं पुडीतलं बारीक मीठसुद्धा भिजून गेलेलं!

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. आणि मीठ खोटं बोलत नाही.

सकाळी परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात बारीक मीठ, त्यात चिखल होईल एवढंच पाणी, आणि ते झाकण व मापक दोन्ही एका घट्ट डब्यात बंद. अशा डब्यात काही तासांनी आर्द्रता ७५ वर येऊन थांबते. संध्याकाळी बघितलं तर मापक दाखवत होता ६४. म्हणजे अकरा कमी. मी ८२ समजत होतो तेव्हा तंबू जवळपास पाण्याने भरलेला होता.

मंडळी, ज्यांच्याकडे असा मापक आहे त्यांनी ही परीक्षा नक्की करा. खर्च चिमूटभर मीठ. आणि मापक नसेल तर दोन साधे तापमापक टांगा, एकाच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा आणि वारा घाला. कोरडा २८ अंश दाखवत असताना ओला एक अंशाने खाली असेल तर आर्द्रता ९२ च्या आसपास, दोनने खाली तर ८५, तीनने खाली तर ७८. माझं काम आता यावरच चालतं.

पण आकडा कळला तरी देठ लांब का, हे उरलंच होतं. अळंबीही आपल्यासारखीच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बंद तंबूत तो साचला की ती मोकळी हवा शोधत देठ लांबवते आणि टोपी धरत नाही. डाग पडतात ते टोपीवर तासन्‌तास पाणी साचून राहिल्याने. म्हणजे ओल धरून ठेवायच्या नादात मी वारा कोंडला होता.

मग प्लास्टिक खाली वीतभर आणि वर वीतभर कापलं आणि भोकांना मच्छरदाणी लावली. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा वरच्या भोकात बसवला. पण जुलैत बाहेरची हवाच ओली. तिने कोरडं काय होणार? त्यावर उपाय साधा साठ वॉटचा बल्ब. हवा एक अंशाने तापली की आर्द्रता पाचेक टक्क्यांनी उतरते. आमची आजी कोकमं आणि सुके बांगडे चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची, ते याचसाठी. सिमेंटचं घर बांधताना तो माळा आम्हीच काढून टाकला. असो.

ऑगस्टमध्ये अळंबी पुन्हा रुंद टोपीची आली. आईचा खोकला मात्र थांबेना. एका सकाळी तंबूवर हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागली. ते अळंबीचे बीजाणू. टोपीची कड सपाट होऊन वर वळायला लागली की लाखोंनी उडतात आणि दम्याच्या माणसाला बाधतात. टोपी मोठी व्हावी म्हणून मी एक-दोन दिवस जास्त ठेवत होतो, आणि माझा नवा पंखा ते बीजाणू थेट तिच्या खिडकीकडे ढकलत होता. एवढे दिवस मी तंबूच्या हवेचे आकडे वहीत लिहिले. शेजारच्या खोलीतल्या हवेची एक ओळही नव्हती.

त्याच दिवशी तंबू मागच्या मांगरात हलवला. आता टोपीची कड खाली वळलेली असतानाच काढतो, आणि आत जाताना तोंडाला मास्क बांधतो. आठ-दहा दिवसांत आई रात्रभर झोपायला लागली.

मांगराच्या वाटेवर एक वारूळ आहे. पावसाळ्यात त्याच्याभोवती रानातली अळमी उगवते. वाळवी आत बुरशीची शेती करते, त्या बुरशीचंच ते फळ. २०१५ साली शास्त्रज्ञांनी भारतातल्या वारुळांत हवा मोजली. दिवसा आणि रात्री वारुळाच्या कडा आणि गाभा कमीजास्त तापतात, तेवढ्यावरच आतली हवा फिरत राहते. ना पंखा, ना बल्ब, ना मापक. जाता-येता मी तिथे जरा थांबतो.

मापक अजून भिंतीवर आहे, अकरा मिळवून वाचतो. शेजारी आईने मिठाची बशी ठेवली आहे. आधी ती बघतो.

पुढच्या खेपेला येणाऱ्यांनी फोन करून या, अळंबी राखून ठेवतो. आणि मामा, मांगराला कुलूप नाही, खुशाल बघा. :)