जोंगाचा आवाज

कराडच्या पुढे, हायवेलगतच्या एका ढाब्यासमोर जोंगा उभी होती. लष्करी हिरवा रंग, पुढच्या बंपरला विंच, टायर मापापेक्षा मोठे. चहा तसाच ठेवून मी तिच्याभोवती फेरी मारली. एवढ्यात मालक आला, त्यानं चावी फिरवली आणि उसाच्या मळ्यातला पंप सुरू व्हावा तसा आवाज आला. डिझेल! माझा पडलेला चेहरा त्यानं पाहिला असावा. "पेट्रोल परवडत नाही हो," तो म्हणाला.

त्याचंही खरंच. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातून आलेल्या या गाडीचं मूळ इंजिन निसानचं : एका ओळीत सहा सिलिंडर, 3956 सीसी. सरकारी पेट्रोलवर वाढलेली ही गाडी लिलावातून आपल्या दारात आली की घरात लगेच हिशेब निघतात. पण ते इंजिन चालू असताना बॉनेटवर तळहात ठेवून बघावा. सरळ ओळीतले सहा पिस्टन एकमेकांचे हिसके परस्पर मिटवतात. हाताला लागते ती फक्त ऊब.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक टर्नर होते, सगळे त्यांना काकाच म्हणत. माझ्या मित्राला जीपमध्ये भलतंच डिझेल इंजिन बसवायचं होतं. इंजिनाची पाठ आणि गिअरबॉक्सचं तोंड जुळेना, बोल्टांची भोकंच वेगळी. मधे प्लेट हवी. बरेच जण अशा वेळी पुठ्ठ्यावर भोकं उमटवतात आणि गॅसनं पत्रा कापून मोकळे होतात. काकांनी आमचा पुठ्ठा बाजूला सारला. "भोकं कुणीबी पाडंल. सेंटर कोण धरणार?" मग क्रँकच्या टोकाला डायल गेज लावून ते हातानं क्रँक फिरवत बसले, नजर काट्यावर. क्रँकचा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य किंचितही हुकला तर पायलट बेअरिंग खाल्लं जातं, क्लच थरथरतो, चढावर गिअर निसटतो. आम्ही मिसळ खाऊन आलो तरी डायल चालूच. मित्र कुरकुरला. काका मान वर न करता म्हणाले, "पत्रा बिघडला तर दिसतंय. ह्ये दिसत न्हाई, ऐकू येतंय." शेवटी त्यांनी दोन डॉवेल पिना ठोकल्या, पुढे कुणीही गिअरबॉक्स उतरवला तरी तो परत नेमक्या जागीच बसावा म्हणून.

काकांच्या कामात खोट नव्हती. डिझेल मात्र जड. पुढचे पाटे बसले, एक पाटा वाढवला. डिझेलचे फेरे कमी, त्यामुळे जुन्या डिफरन्शियलवर साठच्या पुढे नुसती बोंब. म्हणून टायर मोठे. टायर मोठे झाले तसे ब्रेक अपुरे वाटू लागले. मित्र खूश होता, कारण दर रविवारी काम होतं.

सॅन स्टॉर्म कुणाला आठवते का? गोव्यात बनलेली, दोन जणांपुरती, उघड्या टपाची, फायबरची गाडी. आत 1149 सीसीचं रेनॉ इंजिन. एका ओळखीच्या माणसाची मी दोना पावलाकडे चालवली होती. टप खाली, बूड रस्त्याला टेकल्यासारखं. अशा बसण्यात पन्नाससुद्धा शंभर वाटतात. त्यालाही आत मोठं इंजिन हवं होतं! कशासाठी, ते मला अजून उमगलेलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं आहे : कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येणार नाही. हौशी मंडळी यावर चिडतात. मी फारसा चिडत नाही. पण काकांसारख्या हाताला परीक्षा घेऊन परवाना द्यायची काही सोय हवी होती, असं मात्र वाटतं.

तेव्हा लिलावात जोंगा मिळालीच, तर आधी कागद तपासा. इंजिन चालू असेल तर त्याला हात लावू नका. पेट्रोल परवडत नसेल तर महिन्यातून एकदाच काढा, पण त्याच इंजिनावर काढा.