माशासाठी माशी

भोर-वेल्ह्याकडे जाणाऱ्या पुणेकरांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला गडकऱ्यांचा, हे लोक पहाटेच्या गाडीने निघतात, राजगड-तोरण्याची धूळ अंगावर घेऊन रात्री परततात आणि सोमवारी कचेरीत लंगडतात. दुसरा वर्ग बनेश्वराच्या झाडीत डबे उघडणाऱ्यांचा. तिसरा, अलीकडे फार फोफावलेला, जमिनीचे तुकडे बघत हिंडणाऱ्यांचा. या तिन्हींत मी कुठेच बसत नाही. माझ्या खांद्याला एक लांब, निमुळती पिशवी असते. तिच्यात चार तुकड्यांची काठी आणि खिशात पत्र्याची एक डबी. कापूरहोळच्या फाट्यावर एकाने मला मोठ्या आदराने विचारले होते, "बुवा, कीर्तन कुठं हाय आज?"

त्या डबीत माश्या असतात. खऱ्या नव्हेत, मी बांधलेल्या. गळाच्या आकड्यावर पिसे, केस आणि रेशीम गुंडाळून केलेल्या. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून झाडाखाली डुलक्या घेत बसणे हा एक प्रकार, आणि माशीने मासा धरणे हा अगदी निराळा. साध्या गळात वजन टोकाशी असते आणि ते दोरीला ओढून नेते. इथे सगळे उलटे. माशीला वजन जवळजवळ नाहीच. फेकायची असते ती जाड, जड दोरी. काठीने ती हवेत मागे-पुढे झुलवायची आणि शेवटी माशी अशी टेकवायची की, वाऱ्याने वाट चुकून ती पाण्यावर आली असे माशाला वाटावे. मागची झोळ पुरती उलगडेपर्यंत थांबायचे, एवढीच यातली कळ. पण ते थांबणे अंगी मुरायला वर्षे जातात.

माश्या बांधण्याचे काम पावसाळ्यातले. पहिल्या पुराबरोबर महसीर अंडी घालायला ओढ्यांकडे चढू लागतो, म्हणून जूनमध्ये मी काठी पुसून ठेवून देतो आणि टेबलाशी बसतो. शिकंज्यात आकडा धरायचा, मेण लावलेल्या रेशमी धाग्याचे वेढे द्यायचे, अंगाला गळून पडलेल्या मोरपिसाची एक-एक काडी गुंडाळायची, तिच्यावर जुन्या शालूची जर आवळायची आणि गळ्याशी गावठी कोंबड्याच्या मानेचे पीस गोल फिरवायचे. फिरवताच त्याचे केस चक्रासारखे उभे राहतात आणि कीटकाचे पाय तयार होतात. जर कुठल्या शालूची, यावरून आमच्या घरात एकदा झालेले संभाषण इथे देण्यासारखे नाही.

या विद्येचे माहेर इंग्लंड-स्कॉटलंड, असे सगळी पुस्तके सांगतात. ते खरेच आहे. पण तिथल्या साल्मन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या नामांकित माश्यांच्या, उदाहरणार्थ 'जॉक स्कॉट'च्या, गालावर एक पिवळसर-पांढरा चकाकता ठिपका असतो, मिन्याचे काम केल्यासारखा. तो ठिपका म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेचे पीस! केळदच्या रानात, मढे घाटाच्या तोंडाशी, पहाटे जी तुटक घोगरी बांग ऐकू येते, तिच्या मालकाचे. पिसाचे टोक मेणासारखे चिवट असते. पाण्यात भिजूनही ते डोळ्यासारखे लकाकते. या पिसापायी किती रानकोंबडे परदेशी गेले असतील! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून या पक्ष्याला अभय आहे, आणि विलायतेतले लोक आता तिकडेच पाळलेल्या रानकोंबड्यांच्या पिसांवर भागवतात. तरी पिसांचे वेड सुटत नाही. २००९ साली लंडनमध्ये बासरी शिकणाऱ्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने ट्रिंगच्या संग्रहालयाची खिडकी फोडून दुर्मीळ पक्ष्यांची २९९ कातडी पळवली, ती याच माश्या बांधण्याच्या नादापायी. मी तो ठिपका पांढऱ्या कोंबड्याच्या पिसावर रंगाने काढतो. माशांनी अजून तक्रार केलेली नाही.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याच्याविषयी. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या मासेमारीवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि आकाराच्या मानाने महसीर साल्मनपेक्षा जास्त झुंजतो, असा कौल दिला. पण दख्खनच्या महसीराला शास्त्रात नाव मिळाले ते त्याच्याही आधी, १८३९ साली. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडत होता. पुण्याच्या मुळा-मुठेतले मासे त्याने तपासले आणि त्यांची लॅटिन नावे ठेवताना चक्क इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द उचलले: खुद्री, कोळस, अळकूट, फुलंगी. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात आज हा महसीर 'टॉर खुद्री' म्हणूनच ओळखला जातो. घाटावरच्या कुणा अनाम भोयाने उच्चारलेला शब्द लॅटिन होऊन बसला, याचा मला एखाद्या शिलालेखाइतका अभिमान वाटतो.

वेल्ह्याजवळ कानंदीच्या काठी एक म्हातारबा मला नेहमी भेटतात. जाळे विणतात, माझ्याकडे बघतात आणि हसतात. पहिल्यांदा त्यांनी डबी हातात घेऊन बराच वेळ न्याहाळली.

"सायेब, ही माशी माशाला खरी वाटती व्हय?"

"वाटते, बाबा. कधी कधी."

"आन् मासा गावला की?"

"सोडून देतो."

"मग धरताच कशापायी?"

याला मी आजवर बरीच उत्तरे दिली. बाबांना एकही पटलेले नाही. मात्र त्या दिवशी माझ्या माशीवर वीतभर अळकूट आला, तेव्हा त्यांनीच त्याचे नाव सांगितले. साइक्सने लिहून ठेवलेले तेच नाव. मग खडशी, कोळशी, मळ्या अशी यादीच बोटांवर मोजली. शेजारी त्यांचा शाळकरी नातू बसला होता. "तुला कुठले मासे माहीत आहेत रे?" मी विचारले. "रोहू, कटला आन् चिलापी," तो म्हणाला. त्याचा दोष नाही. त्याने तेवढेच पाहिले आहेत.

हा मुलूख धरणांचा आहे. येळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ चे. आंबीवरचे पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले आणि पुन्हा उभे राहिले. मोसेवर वरसगाव, नीरेवर देवघर, कानंदीवर धानेपचे. त्यांच्या पाण्यावर पुण्याची तहान भागते आणि खालच्या तालुक्यांचा ऊस उभा राहतो. माझ्या नळालाही तेच पाणी येते, तेव्हा धरणांना नावे ठेवण्याचा आव मी आणत नाही. पण पुराबरोबर वर चढणारा मासा भिंतीशी थांबतो. वर राहिलेल्याला वाहत्या पाण्याऐवजी तलाव मिळतो, आणि तलावात बाहेरून आणलेले रोहू-कटला सुखाने वाढतात. पाहुण्यांनी यजमानाची जागा घेण्याचा हा प्रकार उलट दिशेनेही झाला आहे. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० नंतर महसीराची पैदास होऊ लागली. काम मोठे कौतुकाचे. पण आपला हा खुद्री कावेरीतही सोडला गेला आणि तिथल्या कुबड्या महसीराच्या मुळावर आला. त्या बिचाऱ्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली कुठे पक्की झाली!

माझी माशी चालते ती धरणांच्या वर, जिथे नदी अजून नदी आहे तिथे. नीरा शिरगावाकडून खाली येते तो खडकाळ पट्टा मला विशेष प्रिय. दिवाळीनंतर पाणी निवळते, डोहाचा तळ दिसतो, आणि करंजाच्या सावलीत बोटाएवढे चंदेरी मासे माशीवर झेपावतात. महसीर क्वचित. गेल्या पाच वर्षांत दोनच, तेही हातभर नव्हेत. ओठातून आकडा काढून, प्रवाहाकडे तोंड करून तो हातात धरायचा. कल्ले चालू लागले की शेपटीचा एक फटका मारून तो आपणच जातो.

मोठे महसीर पाहायचे असतील तर काठी घरी ठेवून वरंध्याचा घाट उतरावा. महाडच्या बाजूला काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथे कुणी गळ टाकत नाही. मागच्या माघात मी वेल्ह्याच्या बाबांना आणि त्यांच्या नातवाला घेऊन गेलो. कुरमुऱ्यांची मूठ पाण्यावर पडली आणि खडशीच्या कुळातले ते काळसर-सोनेरी मासे रांगेने वर आले. काही पोराच्या मांडीएवढे. पोरगा गप्पच झाला. मग त्याने आजोबांचा सदरा ओढला आणि विचारले, "आबा, ह्येंचं नाव काय?"

बाबांनी सांगितले. पोराने दोनदा म्हणून पाहिले आणि उरलेले कुरमुरे माझ्या हातून मागून घेतले.