एका घराची चाल

वसई-विरारच्या शाळांतून रविवारी भरणाऱ्या बुद्धिबळ स्पर्धांत काळी मोहरी वाट्याला आली, की वजिराचे व त्याच्या उंटाचे प्यादे दोन-दोन घरे सारणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास मी बहुधा ग्रुनफेल्ड बचावानेच उत्तर देतो : प्रथम राजाचा घोडा, मग त्याच बाजूचे घोड्याचे प्यादे अवघे एक घर, आणि तिसऱ्या चालीस वजिराच्या प्याद्याची थेट मध्यभागी धडक. पांढऱ्यास केंद्र खुशाल काबीज करू द्यावे आणि दीर्घ कर्णावर बसविलेल्या उंटाच्या बळावर ते पोखरीत जावे, हे या प्रारंभाचे मर्म. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईच्या ज्या किल्ल्याच्या बुरुजांखाली सुरुंग पेरले, त्याच्या छायेत वाढलेल्या मुलांना ते चटकन उमगते.

व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ साली ही पद्धत रूढ केली आणि त्याच वर्षी अलेखाइनसारख्या बलाढ्य खेळाडूस तिच्या आधारे नमविले, हे खरे. परंतु १८५५ साली कलकत्त्यात जॉन कॉकरेन या बॅरिस्टराविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी नेमक्या याच तीन चाली खेळले होते. मुफसलातून आलेल्या या बंगाली ब्राह्मणास हे सुचले, त्याचे मूळ मला आपल्या देशी बुद्धिबळात दिसते. त्यात प्यादे सामान्यतः पहिल्या चालीसही एकच घर सरके, कॅसलिंग नसे, राजास मात्र एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मुभा असे. अशा संथ मोर्चेबंदीत उंटास बगलेने वाट काढून देण्याइतकी उत्तम तजवीज दुसरी कोणती असणार!

तो डाव महेशचंद्र हरले, पण दोष प्रारंभाचा नव्हे. प्यादी व घोडे मारून त्यांनी केंद्र मोकळे केले, उंट कर्णावर तळपत होता. चौदाव्या चालीस मात्र त्यांनी राजाजवळचा हत्ती एक घर बाजूला नेला, राजाच्या उंटापुढील प्याद्यावरचा त्याचा पहारा उठला, आणि अठराव्या चालीस कॉकरेनचा घोडा तेच प्यादे मारून आत शिरला. पुढे वजिराचा बळी देऊन घोड्याने मात, असा रमणीय शेवट होता.

शिकावयास येणाऱ्या मुलांना प्रारंभी मी काही डाव जुन्या एकघरी चालीनेच खेळावयास लावतो. उंटाची बगलेची वाट ती आपणहून शोधतात. मग महेशचंद्रांचा हा डाव मांडतो, चौदाव्या चालीपाशी थांबतो, आणि हत्तीस हात न लावता काळ्याने काय करावे, ते त्यांनाच शोधावयास सांगतो.